‘मागणी नाही’ म्हणण्याआधी पुस्तकाची कड बघा : सोलापुरातल्या वाचनालयांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि ग्रंथनिवड समितीचे सदस्य,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सार्वजनिक वाचनालये

सप्रेम नमस्कार.

मी पुस्तकं बांधतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडची पोती रिक्षातून माझ्याकडेच येतात, त्यामुळे ओळख जुनी आहे. पण साधा पुठ्ठा की रेक्झीन, नगाला किती आणि बिल कधी निघणार, यापुढे आपलं बोलणं कधी गेलं नाही. आज दराचं काही नाही. चारचौघांत बोलायची गोष्ट आहे, म्हणून उघड लिहितोय.

सध्या ठिकठिकाणी जुन्या पुस्तकांच्या निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून बाद करायच्या, याद्या निघतायत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कपाटं भरलीत, वाळवी आहे, अभ्यासिकेला जागा पुरत नाही, आणि अनुदान हप्त्याहप्त्याने येतं. अशीच एक यादी पोत्यांसकट माझ्याकडे आली. निरोप असा होता : यातली बांधण्याजोगी वेगळी काढा, बाकीची रद्दीवाल्याला द्या. कुठल्या वाचनालयाची ते सांगत नाही. तुमच्यातल्या कुणाचीही असू शकली असती. यादीत कादंबऱ्या थोड्या, चरित्रं त्याहून थोडी, आणि पानंच्या पानं कथासंग्रह. सगळ्यांपुढे शेरा एकच : मागणी नाही.

हा शेरा चुकीचा आहे असं माझं म्हणणं आहे, आणि पुरावा म्हणून माझ्याकडे तुमचीच पुस्तकं आहेत.

देवघेवीच्या वहीत पुस्तक किती वेळा घरी गेलं एवढंच दिसतं. कादंबरीला हा हिशोब चालतो, कारण चारशे पानांची कादंबरी घरी न्यावीच लागते. कथेचं तसं नाही. वीस मिनिटांत होते. पेन्शनर मंडळी पेपर वाचून झाले की कपाटातून एखादा संग्रह काढतात, एक कथा वाचतात, पुस्तक जागेवर ठेवतात आणि पिशवी उचलून भाजीला जातात. अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरं राज्यघटनेने डोकं शिणलं की तेच करतात. तुमचा शिपाईसुद्धा दुपारी तेच करतो, त्याला विचारा. यातलं काहीही वहीत चढत नाही.

त्या पोत्यातलं एक पुस्तक सांगतो. मुखपृष्ठ गेलेलं, शीर्षकाचं पान गेलेलं, त्यामुळे लेखक कोण ते मला कळलेलं नाही. मागच्या तारखांच्या कागदावर शेवटचा शिक्का १९९४ चा. वहीच्या हिशोबाने पुस्तक तेव्हापासून मेलेलं. आता ते मिटून त्याची कड बघायची. बांधणारा माणूस पुस्तक हातात आलं की आधी कड बघतो, कारण कुठली पानं उलटली गेली आणि कुठली नाही हे तिथे कळतं. न वाचलेल्या पानांची कड नुसती पिवळी पडते. वाचलेल्या पानांची अंगठ्याच्या घामाने काळपटते. या पुस्तकात पहिल्या दोन कथांची पानं थोडी मळलेली. ते प्रत्येक पुस्तकात असतंच, सुरुवात सगळेच करतात. मधला भाग जवळजवळ कोरा. एका फर्म्याची, म्हणजे घडी घालून शिवलेल्या पानांच्या जुडीची, वरची घडीसुद्धा कुणी फाडलेली नव्हती. आणि शेवटाकडे सात-आठ पानांचा एक काळा पट्टा. तिथली जुजबंदीची, म्हणजे फर्मे एकमेकांना शिवणारी, शिलाई सैल झालेली, दोरा तुटलेला, पुस्तक टेबलावर ठेवलं की तिथेच उघडायचं. शिलाई तिथेच तुटते जिथे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडून दाबलं जातं.

त्या कथेत काही मराठी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक तेलुगू अक्षरं लिहिलेली होती. पानांत खूण म्हणून टॉवेलच्या सुताचा एक धागा होता, निळा. आणि एसटीचं तिकीट होतं, मशिनमधून निघणारं, शाई उडालेलं. शेवटचा शिक्का पडला तेव्हा कंडक्टरच्या हातात तिकिटांची पेटी आणि पंच असायचा. म्हणजे शिक्का थांबल्यावर कितीतरी वर्षांनी कुणीतरी हे पुस्तक हातात घेऊन बसलं होतं, आणि त्याच कथेवर थांबलं होतं.

कथा काय होती? बदलीच्या गावी एकटी राहणारी शिक्षिका आणि तिच्याकडे पैसे मागायला आलेला भाऊ. बास. तो जेवतो, इकडचं तिकडचं बोलतो, पैशाचा विषय शेवटपर्यंत काढत नाही, आणि ती आपणहून देत नाही. मीही काम बाजूला ठेवून वाचली आणि खळ वाळून गेली.

कथासंग्रह लोक असेच वाचतात. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फार थोडे जण जातात. बाकीचा वाचक संग्रहात आपली एक कथा शोधतो आणि सापडली की तिच्याकडे परत परत येतो. बाराच्या बारा कथा सगळ्यांना आवडायला हव्यात असं थोडंच आहे? लक्ष्मी मार्केटात आपण सगळ्याच गाड्यांवरची भाजी घेतो का?

कादंबरीशी माझं वैर नाही. माझं अर्धं पोट ऐतिहासिक कादंबऱ्यांवर चालतं. त्यांच्याइतकी पाठ कुठल्याच पुस्तकाची मोडत नाही. पण माणसाच्या आयुष्यात अशा पुष्कळ गोष्टी घडतात ज्यांची कादंबरी होत नाही, त्या फक्त कथेतच मावतात. परगावी नोकरीला गेलेल्या तरुणाला खोली मिळत नाही, म्हणून तो जात लपवतो, आणि ती उघडी पडते तेव्हा काय होतं, हे बाबुराव बागुलांनी १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती!’मध्ये लिहिलं. दलित आत्मकथनांची लाट येण्याआधी कितीतरी वर्षं हे कथासंग्रहात छापून आलं होतं. त्या यादीत हे पुस्तक होतं, म्हणून सांगतोय. मी ते बाजूला काढून ठेवलंय, बांधलंही आहे, आणि त्याचे पैसे लावणार नाही.

आता दुसरी बाजू. तुम्ही म्हणाल, वर्गणीदार कथासंग्रह मागत नाहीत. खरं आहे, नावाने मागत नाहीत. कारण वाचकाला कथा आठवते, संग्रहाचं नाव आठवत नाही. मागे एका वाचनालयात बांधलेली पुस्तकं पोचवायला गेलो होतो. काउंटरवर एक आजोबा ग्रंथपालबाईंना सांगत होते, “ती हो, मिरासदारांची, भुताची.” बाईंनी संगणकात ‘भूत’ टाकलं; आल्या त्या भयकथा. द. मा. मिरासदारांच्या ‘भुताचा जन्म’ या कथेबद्दल ते बोलत होते हे मला कळलं, पण ती कुठल्या संग्रहात आहे ते मलाही सांगता येईना. आजोबा वर्तमानपत्र घेऊन बसले. वहीत काय नोंद झाली? काहीच नाही. आणि मिरासदार तर आपल्या जिल्ह्याचे, जन्म अकलूजचा, १९२७ चा, शिक्षण पंढरपुरात. त्यांनी, शंकर पाटलांनी आणि व्यंकटेश माडगूळकरांनी गावोगाव कथाकथन करून सभागृहं भरवली. लोकांना कथा नको असती तर तिकिटं काढून ऐकायला कोण गेलं असतं?

कथा हरवण्याचं अजून एक कारण आहे. मराठी कथा बहुतेक वेळा आधी दिवाळी अंकात येते. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही चाल. आणि दिवाळी अंकाचं आपण काय करतो? पुढच्या दिवाळीपर्यंत फिरवतो, मग रद्दीत. मासिकं बांधून ठेवायची पद्धत आता जवळजवळ संपली. ते काम माझ्याकडे फारसं येतच नाही. म्हणजे कथेला टिकायला जागा उरते ती संग्रहात. संग्रहाची एक आवृत्ती निघते, दुसरी सहसा निघत नाही. यशस्वी कादंबरी पुन्हा छापली जाते, तुम्ही आज काढली तरी उद्या विकत मिळेल. कथासंग्रहाची तुमच्या कपाटातली प्रत गेली की ती कथा सोलापुरातून गेली. नव्या पेठेतल्या दुकानात जाऊन तीस वर्षांपूर्वीचा कुठलाही संग्रह मागून बघा, काय उत्तर मिळतं ते.

नव्या खरेदीचंही बोलतो, जरी ते माझं क्षेत्र नसलं तरी. साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार २०१२ साली जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला मिळाला, २०१६ साली आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला, २०२१ साली किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला. तिन्ही कथासंग्रह. दहा वर्षांत तीनदा देशातला मोठा पुरस्कार मराठी कथेला मिळाला. तुमच्या कपाटात यातले किती आहेत ते आज उठून बघा. पवारांचा संग्रह तर सोलापूरकराने वाचायलाच हवा. मुंबईच्या गिरणगावातल्या माणसांचं पुढे काय झालं हे त्यांनी लिहिलं. आपल्याकडेही ‘जुनी मिल’ नावाची कापडगिरणी बंद पडली, लक्ष्मी-विष्णू बंद पडली, नरसिंगगिरजी बंद पडली. त्या माणसांचं काय झालं हे आपल्याला ऐकून माहीत आहे, पण छापलेलं फार कमी सापडतं. कुणीतरी पूर्वभागातला मुलगा किंवा मुलगी उद्या ते लिहील, पण अशा कथा लिहिता येतात हे आधी त्याला कुठेतरी वाचायला मिळालं पाहिजे ना.

आणि सोलापूर म्हणजे फक्त मराठी नव्हे, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे घरात कानडी, साखर पेठ-अशोक चौकात तेलुगू, कुठे उर्दू. आणि बाहेर आलं की सगळ्यांची मिळून आपली सोलापुरी मराठी. २०२५ च्या मे महिन्यात बानू मुश्ताक यांच्या कथासंग्रहाला लंडनचा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला. मूळ कथा कानडी. इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा, ‘हार्ट लॅम्प’ नावाने. कथासंग्रहाला तो पुरस्कार पहिल्यांदाच मिळाला. बाई हासनच्या, वकिली केलेल्या, आणि कथा कर्नाटकातल्या मुस्लिम घरांतल्या बायांच्या : नवरा, माहेर, बाळंतपणं, मशिदीचा कारभार बघणारे मुतवल्ली. पुरस्कार जाहीर झाल्यावर आपल्याकडे भ्रमणध्वनीवर अभिनंदनाचे संदेश फिरले. कानडी मूळ पुस्तकं कुणी मागवली? विजापूर आपल्यापासून शंभर किलोमीटरवर आहे हो. कानडी वाचू शकणारे सभासद तुमच्या प्रत्येकाकडे असतील. एक कपाट नाही, एक कप्पा करा.

तेलुगू अक्षरं लिहिलेलं ते पुस्तक माझ्या डोक्यातून जात नाही ते यासाठीच. ज्याने किंवा जिने मराठी शब्दांवर अर्थ लिहिले, त्या व्यक्तीने चारशे पानांच्या कादंबरीला हात घातला असता असं मला वाटत नाही. सात पानं मात्र नेटाने पार केली. दुसऱ्या भाषेतल्या वाचकासाठी कथेएवढा सोपा दरवाजा नाही.

एक सूचना आहे, जरा वेगळी. क्यूबात चिरूट वळणाऱ्या कामगारांना हात चालू असताना मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत १८६५ पासूनची; कामगार वर्गणी काढून वाचणाऱ्याला पैसे देत. आपल्या देशात केरळात कण्णूरच्या विडी कारखान्यांतही हे चालत आलं. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, सगळं वाचलं जाई. तिथे रोज तीच माणसं एका छपराखाली बसत, त्यामुळे हप्त्याहप्त्याने कादंबरीही चालायची. आपल्याकडे हजारो बायका विड्या वळतात, पण पान-तंबाखू घरी आणून. दुपारी एखाद्या ओट्यावर चारपाच जणी मांडीवर सूप घेऊन बसतात; आज ही असते, उद्या ती नसते. त्यांना कादंबरी कशी पुरी पडणार? कथा पडते. तुमच्या एखाद्या शाखेने आठवड्यातून एक दुपार, एक ओटा, एक कथा, एवढं करून बघावं. भाषण नको, बॅनर नको, पाहुण्यांचा सत्कार तर नकोच नको. वाचणारी मुलगी तेलुगू-मराठी दोन्ही जाणणारी असावी म्हणजे झालं. टीव्हीवरच्या मालिकेशी सामना आहे हे मला कळतं, पण मालिकेची गोष्ट त्याच दुपारी संपत नाही.

या शहरात १९४१ साली साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष वि. स. खांडेकर होते, ज्यांनी आयुष्यभर कथा लिहिल्या. २००६ च्या संमेलनाला सोलापूरचेच मारुती चितमपल्ली अध्यक्ष होते. संमेलनांचे फोटो तुमच्या कार्यालयांत लावलेले मी पाहिलेत. छान आहेत. त्याच कार्यालयांत मागच्या खोलीत कथासंग्रह सुतळीने बांधून ठेवलेले असतात, हेही पाहिलंय.

कुणी म्हणेल, याचा धंदाच आहे, पुस्तकं काढली नाहीत तर याला बांधायला मिळतील. बरोबर आहे, मिळतील. पण मी बांधा म्हणत नाहीये, काढू नका म्हणतोय. ज्याची शिलाई शाबूत आहे ते तसंच कपाटात ठेवा, माझ्याकडे पाठवूच नका. उलट फुकटचा सल्ला देतो : नवे संग्रह आता बहुतेक नुसत्या गोंदावर चिकटवलेले येतात, चार हातांतून गेले की पानं सुटतात. आल्या आल्या पाठीवर कापडाची पट्टी लावून घ्या. तुमचा शिपाईही लावू शकेल, मी दाखवतो. आणि एक सुटं पान निघालं तर ते चिकटपट्टीने जोडू नका, देवाशपथ. ती पट्टी पाच वर्षांत पिवळी पडून अक्षरं घेऊन निघते.

समितीपुढे ठेवायचं ते असं. निर्लेखनाच्या यादीत कथासंग्रहाला वहीचा निकष लावू नका; कुणीतरी जाणत्याने प्रत्येक प्रत हातात घेऊन कड आणि शिलाई बघावी, अनुक्रमणिका वाचावी, मगच शेरा लिहावा. जिल्ह्यातल्या दुसऱ्या वाचनालयात ती प्रत आहे का हे फोन करून विचारावं. दोघांनीही एकाच वर्षी एकच पुस्तक काढलं असं व्हायला नको. वाचनकक्षात टेबलाजवळ कथासंग्रहांची एक मांडणी ठेवा, ‘वाचून इथेच ठेवा’ अशी पाटी लावा, आणि संध्याकाळी टेबलावर किती पुस्तकं पडली ते मोजून वहीत लिहा. महिनाभरात ‘मागणी’ दिसायला लागेल. सरकारी अनुदानासाठीचा वर्ग ‘अ’, ‘ब’ टिकवण्यासाठी ग्रंथसंख्येची काळजी तुम्हाला असतेच, तर हेही लक्षात घ्या की दाखल नोंदवहीत सव्वाशे पानांचा संग्रहही एकच आकडा आणि सहाशे पानांची कादंबरीही एकच.

राहिली ती आजोबांची अडचण. त्यावर उपाय कथासूचीचा. संग्रहाच्या नावावरून नव्हे, कथेच्या नावावरून शोधता येईल अशी सूची प्रत्येक वाचनालयात हवी. संगणकात करता आली तर उत्तम. नाहीतर मोठी फुलस्केप वही पुरे. ती वही मी बांधून देतो, रकाने आखून : कथेचं नाव, लेखक, संग्रह, दाखल क्रमांक, आणि शेवटचा थोडा रुंद रकाना ‘कशाबद्दल आहे’ असा, एका ओळीचा. ‘भुताची’ म्हणून विचारणाऱ्याला तोच कामाला येईल. भरायला माणसं नाहीत ही सबब सांगू नका. अभ्यासिकेत सकाळी सातपासून पोरं बसलेली असतात. प्रत्येकाने रोज एक संग्रह घेतला तर दिवाळीपर्यंत काम उरकेल. फक्त शेवटचा रकाना भरण्यासाठी त्यांना कथा वाचावी लागेल, ही अट आधीच सांगून ठेवा.

कळावे,
आपला,
एक पुस्तक-बांधणी करणारा,
साखर पेठ, सोलापूर